जुना प्रिंटर चालूच होत नाही तेव्हा
घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं ठिकाण. तहसील कचेरी इथेच, त्यामुळे दाखले-उताऱ्यांसाठी प्रिंटर हवाच. भीमाशंकरच्या वाटेवरचं हे गाव पावसाळ्यात दमट, आणि तेव्हाच जुना प्रिंटर बटण दाबूनही ढिम्म राहतो. दिवा नाही, आवाज नाही.

आधी त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग केबल. बऱ्याच लेझर प्रिंटरना कॉम्प्युटरच्या सीपीयूचीच केबल चालते, ती लावून बघणं सगळ्यात स्वस्त. काहींना मागे किंवा बाजूला वेगळा स्विच असतो, तो विसरला जातो. लेझर प्रिंटर यूपीएसवर असेल तर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा; आतला हीटर तापताना एकदम जास्त करंट ओढतो, छोट्या यूपीएसला ते झेपत नाही.

तरीही हलला नाही, तर दोष बहुधा पॉवर सप्लायच्या बोर्डात: उडालेला फ्यूज, डोकं फुगलेला कपॅसिटर, कधी चिकटून मेलेली पाल. पण झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ तीनशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात. इथून पुढे काम मेकॅनिकचं. मात्र दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्या.