कॅम्प पाचची जीन्स आणि जागतिक करार

जागतिक करारांमुळे व्यापार खरोखर वाढतो का, असा सवाल कारागीर बंधू आम्हा कापडवाल्यांना नेहमी विचारतात. जवाब आमच्याच मालाच्या इतिहासात आहे.

गॅट करार १९४७ चा, भारत त्याचा संस्थापक सभासद. कारखानी मालावरील आयातशुल्क त्यामुळे हळूहळू उतरत गेले. कापड मात्र बाहेर ठेवले गेले. १९७४ च्या मल्टी-फायबर करारात अमेरिका व युरोपने देशवार कोटे बांधून दिले. ज्याच्या हाती कोटा त्याचीच निर्यात. इतरांनी प्रीमियम मोजून कोटा विकत घ्यावा. करार होता, पण व्यापार अडवण्याचा!

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना आली. दहा वर्षांत कोटे काढायचे ठरले, पण ४९ टक्के माल अगदी शेवटच्या दिवसापर्यंत अडकवून ठेवला गेला. १ जानेवारी २००५ ला कोटे गेले आणि चीनचा माल असा उसळला, की त्याच वर्षी युरोप व अमेरिकेने चीनवर पुन्हा मर्यादा घातल्या. म्हणजे अडसर निघताच व्यापार वाढला, मात्र सर्वांचा सारखा नाही.

अर्थतज्ज्ञ अँड्र्यू रोझ यांनी २००४ मध्ये लिहिले की, सभासदत्वाने व्यापार वाढल्याचा पुरावा फारसा दिसत नाही. २००७ मध्ये अरविंद सुब्रमणियन व शांग-जिन वेई यांनी दाखवले की, जेथे शुल्क खरोखर उतरले तेथे व्यापार भरपूर वाढला. कापडासारख्या बंद ठेवलेल्या मालात वाढला नाही. आम्हाला हा दुसरा हिशेब पटतो.

कोटे गेले तरी शुल्क राहिलेच. युरोपात जीन्सवर सर्वसाधारण दर १२ टक्के. बांगलादेशाला २००१ पासून माफी. आमच्याकडे नगामागे चार-पाच रुपयांवरून सौदा मोडतो, तेथे हा फरक केवढा!

‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा जुनी आहे. पण कॅम्प ५ चा बहुतेक माल देशातच खपतो. म्हणून आम्हाला खरी झळ जिनिव्याच्या नव्हे, शेजाऱ्याशी झालेल्या कराराची. २०११ मध्ये भारताने बांगलादेशाच्या तयार कपड्यांवरील शुल्क जवळजवळ सर्वच माफ केले. मे २०२५ मध्ये सरकारने त्या कपड्यांचा खुष्कीचा मार्ग बंद करून न्हावा शेवा व कोलकाता ही दोनच बंदरे ठेवली. शुल्कमाफी मात्र काढली नाही. कारागीर शिलाईचा दर वाढवून मागतो, तेव्हा ठोक खरेदीदार त्याच मालाचा भाव पुढे करतो.