वजनकाट्यावर ठरणारे आईपण

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो, म्हणून हे नाव. अमेरिका-युरोपात तो हौसेने पाळतात आणि नवनव्या रंगांच्या पिल्लांसाठी त्याची पैदासही जोरात चालते. मादी १५०० ग्रॅमची झाली की नराजवळ सोडायची, असा तिथला रूढ आडाखा. काहींना मात्र तेवढाही धीर धरवत नाही.

हिशेब साधा आहे. मादी एका वेळी साधारण सहा अंडी घालते. एकेक अंडे ८० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सारे मिळून जवळजवळ अर्धा किलो. दीड किलोच्या देहाचा हा तिसरा हिस्सा झाला! लहान मादीची अंडी कमी असतात खरी, पण त्यांची वाटही अरुंद असते. त्यात या काळात बऱ्याच माद्या अन्नाला तोंड लावत नाहीत. बलक तयार होतो तो अंगातल्या साठ्यातून. चरबी अपुरी पडली की स्नायू झिजतात. पुढे अंड्यांभोवती वेटोळे घालून जवळपास दोन महिने बसायचे, तेही बहुधा उपाशीच. (आपल्याकडची अजगर मादी अशा वेळी अंग थरथरवून अंड्यांना ऊब देते. बॉल पायथनचे वेटोळे मुख्यतः अंडी सुकू देत नाही.)

सर्वांत मोठा धोका अंडे अडकण्याचा. मादी अशक्त असेल, अंगात पाणी कमी असेल किंवा पेटीत पुरेशी ऊब नसेल, तर तो वाढतो. कात टाकल्यावर साधारण महिनाभरात अंडी यायला हवीत. काही अंडी घालून मादी थांबली आणि शेपटीकडच्या भागात फुगवटा तसाच राहिला, तर पशुवैद्याकडेच न्यावे. घरी दाबून अंडे काढू पाहिल्यास अंडनलिका फाटू शकते. कासवांमध्ये उपयोगी पडणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन सापांत बेभरवशाचे. मग सुईने अंड्यातला द्रव काढून ते आकसवतात, नाहीतर शस्त्रक्रिया.

भरमसाट उंदीर चारून काट्यावर १५०० आणता येतात, पण ती चरबी असते. सावकाश वाढलेल्या, तीनेक वर्षांच्या मादीचे स्नायू त्यातून मिळत नाहीत. अंडी उबवण्याच्या यंत्रात हलवली, तर मादी लवकर खाऊ लागते. पुढचे वर्ष तिला नरापासून दूर ठेवणारेही आहेत.