नवी शाळा, नवे मैदान

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या सुमारास दर्यापूर, अंजनगाव, अकोट, मूर्तिजापूर या भागांतली बरीच मुले अमरावती-अकोल्याच्या शाळांत दाखल होतात. कोणी एस.टी.ने रोज ये-जा करतो, कोणी वसतिगृहात राहतो. यांतल्या पुष्कळांना खेळाची ओढ असते. अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. अकोल्याची क्रीडा प्रबोधिनी मुष्टियुद्धासाठी ओळखली जाते. अशा शहरात मुलगा आला की घरच्यांना पदकाची स्वप्ने पडू लागतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याच्या शरीरा-मनाचे काय होते, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

गावच्या शाळेत धावण्यात पहिला येणारा मुलगा येथे सहावा येतो आणि गप्प होतो. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. पण एकाच गटातील दोन मुलांच्या शरीराच्या वाढीत दोन-तीन वर्षांचा फरक असू शकतो. ज्याला मिसरूड फुटले आहे तो ताकदीने पुढे राहणारच. उशिरा वाढणारी मुले पुढे बहुधा ती कसर भरून काढतात. हे त्या मुलाला वडिलांनी स्पष्ट सांगितले, तर कितीतरी मुले मैदान सोडणार नाहीत.

सोमवारी सकाळी पोट दुखते, रविवारी दुखत नाही. हे ढोंग नव्हे. मनावरचा ताण पोटात खरीच कळ आणतो. घराची आठवण पहिले काही आठवडे येणारच. प्रत्येक फोनला मुलाला परत आणू नये, आणि ‘मर्द हो’ म्हणून रागावूही नये. एखादा मित्र जोडला गेला की बरेचसे आपोआप निवळते.

सराव एकदम वाढवू नये. पाऊस लांबला तर आपल्याकडे जूनअखेरही उकाडा असतो आणि शरीराला उन्हातल्या मेहनतीची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. दहा ते पंधरा वयात टाच किंवा गुडघ्याखालचे हाड दुखू लागले, तर तेथे हाडाच्या वाढत्या भागावर ताण पडलेला असतो. काही दिवस उड्या व धावणे कमी केले की बहुधा उतार पडतो. तेल चोळून तसेच पळविणे चूक.

कुस्ती-मुष्टियुद्धात वजनगट गाठण्यासाठी मुले आदल्या दिवशी पाणी तोडतात, उन्हात जाड कपडे घालून धावतात. हा प्रकार सरळ धोक्याचा आहे. वाढत्या मुलाने वजन उतरविण्यापेक्षा वरच्या गटात खेळावे, मग पदक गेले तरी चालेल!

आहाराला महागडी पावडर नको. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ, दूध, जमल्यास अंडे, एवढे पुरे. मुलींना पाळी सुरू झाल्यावर लोह कमी पडते; लवकर दम लागत असेल तर रक्त तपासावे. भाजीवर लिंबू पिळावे, जेवणाबरोबर चहा टाळावा. तेरा वर्षांवरील मुलाला रात्री आठ ते दहा तास झोप हवी. पहाटेची एस.टी. गाठणाऱ्याला ती मिळत नसेल, तर संध्याकाळचा सराव आठवड्यातून दोन दिवस कमी करण्याविषयी प्रशिक्षकांशी बोलावे.

मुलगा लंगडू लागला, महिनाभर जेवणावरची वासना गेली किंवा वजन घटले, तर डॉक्टरांना दाखवावे. धावताना छातीत दुखले वा तो शुद्ध हरपून पडला, तर त्याच दिवशी. आणि तपासणी होईपर्यंत त्याला मैदानावर पाठवू नये.