कानावाटे आलेली श्रद्धा

कर्जत-खालापूर भागात हरिनाम सप्ताह बसला की पोथी वाचणारा एक आणि ऐकणारे सगळे, असा देखावा असतो. याच भागातली कोंडाण्याची बौद्ध लेणी खोदली गेली, त्या काळी बुद्धवचनंही प्रामुख्याने पाठांतरातूनच पुढे जात होती. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला आहे. अशा मुलखाला ख्रिस्ती धर्माचं एक मूळ सूत्र परकं वाटू नये: श्रद्धा ऐकण्यातून येते.

हे सूत्र नव्या करारातलं. इसवी सन 57च्या सुमारास ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाने रोमच्या मंडळीला पत्र धाडलं, त्याच्या दहाव्या अध्यायात ते येतं. पौलाचा युक्तिवाद सरळ आहे. ज्याच्याविषयी कधी ऐकलंच नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि सांगणारा कोणी नसेल, तर ऐकायचं तरी कसं? हे पत्रही बोलूनच झालं. पौल सांगत गेला आणि त्याचा लेखनिक तर्तियस लिहीत गेला. लिहिता-वाचता येणारे तेव्हा थोडेच, त्यामुळे अशी पत्रं मंडळीसमोर मोठ्याने वाचली जात.

पण नुसतं सांगून भागत नाही. ऐकणाऱ्याच्या कानाला ते रुचावं लागतं.

गोव्यात हे फार लवकर ओळखलं ते फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. 1579 साली तो गोव्यात आला. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांच्या जागी ऐकायला मात्र काही नव्हतं. त्याच्या ग्रंथात एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीला नेमकी हीच अडचण सांगतो आणि आपल्या भाषेत पुराण मागतो. 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. सुमारे 11 हजार मराठी ओव्यांचा हा ग्रंथ रोमी लिपीत होता, पण तो रचलेला होता गाऊन ऐकवण्यासाठी.

मुंबईत 1813 साली आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना वाट इतकी सोपी गेली नाही. गॉर्डन हॉल मराठी शिकला, रस्त्यांत, बाजारांत, देवळांपाशी बोलत राहिला. ऐकायला गर्दी जमे, वादही होत; धर्मात येणारे अगदी विरळा. पुढे अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनं उभी केली. येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दृष्टांत आख्यान म्हणून लावला की श्रोत्यांना रीत ओळखीची वाटते, कथा तेवढी नवी.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट मात्र या सूत्राला आडवी जाते. राजनांदगावच्या वाटेवर रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारले गेले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. श्रद्धा आली ती पुस्तकातून. पण त्या पुस्तकात त्यांना भिडलं ते गालीलातल्या डोंगरावर लोकांसमोर बोललेलं प्रवचनच. आणि पुढे इतरांना सांगायची वेळ आली तेव्हा टिळक अभंग, पदं आणि कीर्तनाकडेच वळले. त्यांची शेकडो गीतं मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात आहेत.

नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई कोसळून गेल्या, काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य 1919 साली त्यांच्या निधनामुळे अर्धवट राहिलं. ते पुढे नेलं ते शाळेची पायरी कधी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी.