मंडपेश्वर : देवळाचे चर्च, चर्चचे स्मारक

मुरबाडहून सिद्धगडाच्या वाटेला लागणाऱ्या माणसाला लेणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. शेजारच्या गोरखगडावर कातळात खोदलेली ऐसपैस गुहा आहे, जवळच पाण्याची टाकी आहेत. लोकपरंपरा तिचा संबंध गोरक्षनाथांशी जोडते आणि गड चढून गेलेली मंडळी आजही तेथे पथारी पसरतात. साधकाला जो मठ, तोच वाटसरूला निवारा. यात कोणाला विसंगती वाटत नाही. कातळ तोच राहतो, त्यात राहणारे बदलतात.

परंतु राहणारा बदलताना मागच्याची खूणही बुजवू पाहतो, तेव्हा काय होते? याचे उत्तर आपल्याच जुन्या जिल्ह्यात सापडते. बोरिवली आज मुंबई उपनगरात मोडत असली, तरी १९२० पर्यंत सारी साष्टी ठाणे जिल्ह्यात होती. त्या साष्टीतील मंडपेश्वराच्या लेण्याची ही हकीकत आहे.

लेणे शैव आहे. ते सहाव्या शतकातले की आठव्या, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आपल्या प्रश्नाला त्याने बाध येत नाही. खांबांचा मंडप, आत गाभारा, बाजूच्या दालनांत शिल्पे असा थाट आहे. त्यांतला नृत्य करणारा शिव भग्न असूनही पाहणाऱ्याला खिळवून ठेवतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्यासह साष्टी पोर्तुगीजांना तोडून दिली. त्यांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन पंथाचे धर्मोपदेशक आले. त्यांतील आंतोनियो द पोर्तो याने सोळाव्या शतकाच्या मध्यास या लेण्याचे मेरीच्या नावाने चर्च केले. डोंगराच्या माथ्यावर, म्हणजे लेण्याच्या छपरावरच म्हणा ना, मठ आणि विद्यालय उभे राहिले. खाली प्रार्थना, वर राहणे-शिकणे, अशी ती दुमजली व्यवस्था होती. खालचा मजला कोणी बांधलेला नव्हता, एवढेच काय ते!

आता मूर्तींचे काय झाले ते पाहावयाचे. काही शिल्पपट भिंतीआड आणि गिलाव्याआड गेले. झाकण्याचा हेतू काही जतनाचा नव्हता. पण झाकलेले शिल्प छिन्नीपासून वाचते, हे त्याचे न योजलेले फळ. डावीकडच्या एका दालनात मात्र तसे झाले नाही. तेथील कोरीव काम तासून त्याच कातळात मोठा क्रूस कोरला आहे. या क्रूसाखाली मूर्ती दडलेली नाही. मूर्तीचाच दगड क्रूस झाला आहे.

पुढचा फेरा १७३७ चा. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणे आणि साष्टी मराठ्यांकडे आली, दोन वर्षांनी वसईही पडली. मंडपेश्वरी पुन्हा शिवाची पूजा सुरू झाली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले आणि त्यांच्या अमदानीत लेण्यात पुन्हा ख्रिस्ती उपासना होऊ लागली. घोडबंदरच्या किल्ल्यातील पोर्तुगीज चर्चची गत याहून निराळी झाली. तेथे पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी आपला बंगला थाटला. देवाच्या घराचे साहेबाचे घर होणे ही काही युरोपातच घडणारी गोष्ट नव्हे.

आज मंडपेश्वर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील संरक्षित स्मारक आहे आणि खरी गुंतागुंत येथूनच सुरू होते. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार, संरक्षित स्मारक उपासनास्थान असेल, तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत असा त्याचा उपयोग करता येत नाही. कलम वाचावयास सोपे आहे. पण मंडपेश्वराचे स्वरूप कोणते म्हणावयाचे? गाभाऱ्यात शिवलिंग आहे, भिंतीवर क्रूस आहे, डोक्यावर छप्पर उडालेल्या मठाच्या भिंती आहेत. कोणी म्हणेल, मूळचे तेच खरे, मागाहून आलेले काढून टाका. गिलावा काढणे ठीक होते, कारण त्याच्या मागे शिल्प होते. क्रूस तासून काढला, तर मागे काय उरेल? कोरा कातळ. गेलेली मूर्ती परत येणार नाही आणि ती गेली कशी हे सांगणारा एकुलता एक साक्षीदारही जाईल.

माझे मत विचाराल तर क्रूसही राहावा आणि वरचे पडके मठही ढासळू देऊ नयेत. वाईट वाटणे स्वाभाविक आहे. मलाही त्या दालनात उभे राहिल्यावर वाटले. पण संरक्षण म्हणजे एका शतकाची बाजू घेऊन दुसऱ्यावर फिर्याद लावणे नव्हे. कायदाही तसा भेद करीत नाही. शंभर वर्षांपूर्वीपासून उभे असलेले आणि इतिहास, पुरातत्त्व वा कला यांच्या दृष्टीने मोलाचे, एवढीच त्याची कसोटी आहे. म्हणून स्मारकापासून शंभर मीटरांच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढे दोनशे मीटरांपर्यंत परवानगी लागते. बोरिवलीसारख्या दाटीच्या वस्तीत हा नियम सोसणे शेजाऱ्यांना जड जाते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

तेथे जाल तेव्हा आधी वर जाऊन मठाच्या भिंती पाहाव्या, मग खाली उतरावे. नटराजापुढे थोडे थांबून डावीकडच्या दालनात वळावे आणि क्रूसाच्या कडेने कातळावर छिन्नीचे घाव कोठवर गेले आहेत ते पाहावे.