नक्षीदार रिव्हॉल्व्हर : घरोघरच्या समजुती आणि वस्तुस्थिती

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं, पण संस्थानी काळातली शस्त्रं त्या दिवशी नाहीशी झाली नाहीत. न्यू पॅलेसमधल्या शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालयात तलवारी-बंदुका मांडलेल्या दिसतात, आणि वाडवडिलांकडून आलेलं शस्त्र जपणारी घरंही आहेत. त्यात एखादं नक्षीदार रिव्हॉल्व्हर असलं की त्याच्याबद्दल नाना गोष्टी ऐकायला मिळतात. त्यांतल्या काही चुकीच्या आहेत, काही तुरुंगाची वाट दाखवणाऱ्या.

‘आजोबांच्या वेळचं आहे, गंजलंय, त्याला कसला परवाना?’ ही समजूत सगळ्यांत घातक. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य घडणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. नुसता चाप अडकला म्हणून ही सूट मिळत नाही. २०२० च्या नियमदुरुस्तीनं ‘क्युरिओ’ वर्गातली लहान शस्त्रं बाळगायला परवान्यातून मोकळीक दिली, हेही खरं. मात्र ती वापरायला आणि इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच. आपली वस्तू त्या वर्गात बसते की नाही, हे मालकानं स्वतःच ठरवू नये. जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारून घ्यावं. वेब्लीसारखं .४५५ काडतूस घेणारं सैनिकी रिव्हॉल्व्हर तर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं.

संग्रह करणाऱ्याला हवी तितकी शस्त्रं ठेवता येतात, असंही अनेकांना वाटतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारण परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि वारशानं आलेलं शस्त्रही त्या दोनातच धरलं जातं. परवानाधारक वारला तर शस्त्र तिजोरीत तसंच पडू देऊ नये. ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करावा.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, नक्षी. ‘नक्षी आहे म्हणजे हातानं कोरलेली, आणि बहुधा राजासाठी’ असं सर्रास सांगितलं जातं. १८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या नळकांड्यावर जहाजांची लढाई दिसते. १६ मे १८४३ रोजी टेक्सास आणि मेक्सिकोच्या नौदलांत झालेली ती लढाई. मूळ चित्र ऑर्म्सबी या कोरक्याचं. पण प्रत्येक रिव्हॉल्व्हरवर ते कोणी कोरत बसलं नव्हतं. साच्याचा रोलर दाबून ते उठवलेलं असे, आणि त्या जातीची लाखो रिव्हॉल्व्हरं निघाली. हातकाम ओळखायचं तर दहापट भिंग हवं. कोरणीनं काढलेल्या रेषेच्या दोन्ही कडा तिरक्या उतरत तळाशी मिळतात, वळणावर ती जाड-बारीक होते, आणि डावीकडचं पान उजवीकडच्यासारखं तंतोतंत कधी नसतं. आम्लानं खाल्लेल्या नक्षीचा तळ सपाट आणि खडबडीत असतो.

सोन्याचंही तसंच आहे. सोनेरी दिसतं ते सगळं जडावकाम नसतं. नुसता मुलामा असू शकतो. कोफ्तगारीत पोलादावर बारीक आडव्या-उभ्या ओरखड्यांची जाळी करून त्यावर सोन्याची तार ठोकतात, तर तहनिशानमध्ये आधी खोल चर कोरून त्यात सोनं बसवतात. म्हणूनच कोफ्तगारी घासून उडते आणि खाली ती जाळी उघडी पडते. विलायतेत आणि अमेरिकेत सोन्याची रिव्हॉल्व्हरं बड्यांना भेट द्यायची चाल होती. सॅम्युएल कोल्टनं सोनं जडवलेल्या रिव्हॉल्व्हरांच्या एका जोडीतलं एक रशियाच्या झार निकोलसला दिलं, दुसरं तुर्कस्तानच्या सुलतानाला दिल्याचं मानलं जातं. हेतू उघड होता, सैन्याची मागणी मिळवणं.

नळीवर ‘लंडन’ कोरलंय म्हणून ते लंडनचंच, हेही पक्कं धरू नका. विकणारा आपलं नाव घालत असे, घडण मात्र बर्मिंगहॅमची किंवा बेल्जियमच्या लिएजची असायची. लिएजची चाचणीखूण म्हणजे लंबगोलात ‘ई एल जी’ ही रोमन अक्षरं. त्यावर मुकुट असेल तर खूण १८९३ नंतरची. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशात विकता येईल ही आशाही सोडावी, कारण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं खासगी व्यक्तीला पुरावस्तूची निर्यात करता येत नाही.

आणि घासूनपुसून चकचकीत केलं की किंमत वाढते, या समजुतीनं तर उत्तम वस्तूंचं कायमचं नुकसान होतं. तांब्या-पितळेसारखी चिंच लावली की पोलादावरची मूळ निळसर झाक आम्लानं विरघळून जाते. बफ मशीनवर धरलं की कोरलेल्या रेषांच्या कडा बोथट होतात, शिक्के पुसट होतात. त्या रेषा पुन्हा कोरून घेतल्या तरी ते पहिल्या कारागिराचं काम राहत नाही, आणि जाणकार ग्राहक ते भिंगाखाली लगेच ओळखतो. मऊ सुती कापड आणि तेलाचा अगदी पातळ हात, याहून जास्त काहीही करू नये.