उत्तरेला उणे

‘माइनक्राफ्ट’च्या जगात उत्तरेकडं चालायला लागलं, की पडद्यावरचा तिसरा आकडा उतरू लागतो. शून्य ओलांडलं की उणे. विषुववृत्तापासून उत्तरेकडं वाढत जाणारे अक्षांश शिकलेल्या पोरांना हे खटकणारच.

बेळगावच्या उत्तरेला, निपाणीच्या वाटेवर असलेल्या काकतीतला माझा भाचा आणि निपाणीतला त्याचा मित्र मिळून या खेळात काकती गाव उभं करतायत. सेटिंगमध्ये ‘शो कोऑर्डिनेट्स’ चालू केलं, की कोपऱ्यात एक्स, वाय, झेड असे तीन आकडे येतात. एक्स पूर्वेकडं वाढतो, झेड दक्षिणेकडं. मधला वाय म्हणजे उंची. भाच्यानं ‘१२०, ७१, -३४०’ असा पत्ता पाठवला आणि उणे बघून मित्र दक्षिणेला पळत सुटला.

“अरे, मागं फिर की! उणे म्हणजे तुझी निपाणी, बेळगाव नव्हे!” भाचा फोनवर ओरडला. मग माझ्याकडं वळून, “मामा, हे असं उलटं का?”

उलटं नाही ते. उत्तर वर धरून नकाशा मांडला, तर झेड वरून खाली वाढतो, आणि संगणकाचा पडदाही ओळी वरूनच मोजतो. आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांचा, म्हणजे टोपोशीटचा, क्रमही तसाच आहे. काकती ४८ आयमध्ये, निपाणी ४७ एलमध्ये. १६ अंश उत्तर अक्षांशाची रेघ काकतीच्या वर थोड्याच किलोमीटरवर आहे. ती ओलांडून निपाणीच्या वाटेला लागलं, की शीटचा आकडा एकानं घटतो. शीटमधली अक्षरंसुद्धा आय, जे, के, एल अशी खाली उतरत जातात. म्हणून कुठलाही आकडा हाती आला, की शून्य कुठं आणि वाढ कुणीकडं, हे आधी विचारावं. पोरांनी वहीत लिहून ठेवलंय: झेड उणे निपाणी, झेड अधिक बेळगाव; एक्स उणे चंदगड, एक्स अधिक यरगट्टी. चिन्हापेक्षा गावाचं नाव चटकन लक्षात राहतं, हे मला फार पटलं.

खरी अडचण उंचीची. खेळात एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. समुद्र ६३च्या आसपास, आणि ३२०च्या वर बांधताच येत नाही. बेळगावचा हा मुलूख समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर! खरी उंची धरली तर सगळं गावच छताबाहेर जातं. म्हणून त्यांनी गावची जमीन ७०वर धरली आणि काकतीच्या किल्ल्याची टेकडी तिथून मोजत वर चढवली.